फळ्याच्या उजवीकडचा समुद्र

मी चौदा वर्षं नागपुरात, महाल भागातल्या एका शाळेत, सातवीच्या वर्गाला भरती-ओहोटी शिकवली आणि या चौदा वर्षांत माझा एकही विद्यार्थी बुडाला नाही. याचं श्रेय मी माझ्या शिकवण्याला देत असे. नागपूरपासून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल लांब आहे, ही बाब मी विचारात घेतली नव्हती. (भूगोलाच्या शिक्षकाने!)

समुद्र मी पाहिलेला नव्हता. तलाव पाहिले होते, तेही काठापासून बऱ्यापैकी अंतर राखून. पाण्याची मला लहानपणापासून दहशत. शाळेची सहल अंबाझरी तलावावर गेली की मी डबे सांभाळायला लांब झाडाखाली थांबायचो. शुक्रवारी नावाच्या तलावाच्या कडेने जायची वेळ आली तर सायकलवरून उतरून रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने चालत जायचो. पण वर्गात मात्र मी वाघ! फळ्याच्या उजवीकडे निळ्या खडूने समुद्र, डावीकडे जमीन, वर कोपऱ्यात चंद्र आणि मध्ये एक जाडजूड बाण. "भरती इकडून येते!" असं म्हणून मी बाणावर छडी आपटली की मागच्या बाकावरचे झोपलेलेही जागे व्हायचे.

माझ्या मुलीचा, बेबीचा, यावर गाढ विश्वास होता. ती तेव्हा सात वर्षांची. "माझ्या बाबांना अख्खा समुद्र पाठ आहे," असं ती गल्लीत सांगत फिरायची. एकदा तिने हे तिच्या आजोबांसमोर, म्हणजे माझ्या सासऱ्यांसमोर सांगितलं. त्यांना मी मामाजी म्हणायचो, बेबी आबाजी. नरखेडकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा; सारी हयात विहिरी, मोटारी आणि पाटाचं पाणी यांत गेलेली. पुस्तकांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता आणि जावयावर त्याहून कमी.

"काहो जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले, "पाह्यला काय तुम्ही समुद्र?"

"पाहिला असा नाही. पण त्याची सगळी माहिती आहे."

"मंग चाला ना. तुम्ही माहिती सांगजा, आम्ही पाह्यतो."

बेबीने टाळ्या पिटल्या. बायकोने, सुमनने, माझ्याकडे असं पाहिलं की माझी 'नको' म्हणायची छाती झाली नाही. अशा रीतीने उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघं, एक वळकटी आणि एक टोपलीभर संत्री (मामाजींनी कुठून तरी राखून ठेवलेली) कोकणातल्या एका बंदराच्या शहरात उतरलो. शहराचं नाव सांगत नाही. तिथे माझं नाव अजून निघतं, असं कळतं.

लॉजच्या भिंतीवर एक पाटी होती : 'आमचे शहर पायी पाहा. निसर्ग व इतिहास. सकाळी सातला निघणे.' हे दर्शन घडवणारे पेडणेकर म्हणजे बंदर खात्यातून निवृत्त झालेले एक काटकुळे गृहस्थ. अर्धी चड्डी, बगलेत छत्री, गळ्यात दोरीला अडकवलेली शिटी. निघण्याआधी त्यांनी आम्हाला आणि लॉजवरच्या इतर मंडळींना एकच नियम सांगितला.

"मी शिटी वाजवली की मागे फिरायचं. का, कशाला, विचारायचं नाय."

मला हे लागलं. चौदा वर्षं शिट्या मी वाजवत आलो होतो!

पेडणेकरांनी देऊळ दाखवलं, जुनी वखार दाखवली, खाडीच्या चिखलात उभी असलेली खारफुटीची झाडं दाखवली. त्यांची मुळं चिखलातून वर नाक काढून श्वास घेतात, असं ते सांगत होते. मी मध्येच म्हणालो, "त्यांना श्वसनमुळं म्हणतात." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बेबीचा चेहरा अभिमानाने फुलला. झालं! मग मी थांबतो कसला! दीपस्तंभापाशी मी उंची विचारली, किल्ल्यापाशी खडकाचा प्रकार सांगितला. पेडणेकर दर वेळी "होय काय?" एवढंच म्हणत आणि छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत नेत.

शेवटचा मुक्काम म्हणजे किनाऱ्यापासून दीडशे पावलांवरचा एक काळा कातळ. त्यावर पूर्वी पहारा असायचा, गलबतं दिसली की तिथे जाळ करत, वगैरे वगैरे. किनारा आणि कातळ यांच्यामध्ये वाळूचा रुंद सखल पट्टा होता, कोरडा ठणठणीत. तो चालून जाताना माझ्या चपलांत वाळू जायला लागली, म्हणून मी त्या काढून वाळूतच ठेवल्या. सुमनने मात्र आपल्या हातात घेतल्या. ती नेहमीच थोडी घाबरट!

कातळावर पेडणेकरांनी दहा मिनिटं इतिहास सांगितला, आकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि शिटी वाजवली. त्यांच्यामागोमाग मंडळी मुकाट्याने उतरायला लागली. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत आले होते.

"जेवायची वेळ झाली असेल त्यांची," मी सुमनला म्हणालो. "आपण थांबू. बेबीला भरती दाखवायची आहे."

"अहो, ते शिटी वाजवून राहिले ना."

"ती त्यांच्यासाठी. भूगोल न शिकलेल्यांसाठी."

मी पश्चिमेला, अथांग समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. बेबीला शेजारी उभं केलं. पोटात भीती होतीच, पण समुद्र शंभर हात लांब होता आणि अंगाशी येत नव्हता, त्यामुळे आवाज चढला. "हे पाहा बेबी, भरती समोरून, तिथून येणार. येताना आपल्याला स्पष्ट दिसेल. दिसली की आपण आरामात चालत परत जायचं."

मामाजी मात्र आमच्याकडे पाठ करून, किनाऱ्याकडे तोंड करून बसले होते आणि संत्रं सोलत होते. विहिरीचं पाणी किती चढलं ते पाहायला दगडावर खूण ठेवायची त्यांची जुनी सवय. त्यांनी कातळाच्या उतारावर एकाखाली एक अशा तीन साली मांडल्या.

"जवाईबापू, एक साल गेली."

"वाऱ्याने उडाली असेल, मामाजी. तर बेबी, चंद्राचं आकर्षण..."

"दुसरी बी गेली."

"मामाजी, समुद्र इकडे आहे! तिकडे काय पाहून राहिलात?" (मी संतापलो की माझीही नागपुरी बाहेर पडते.)

"पाणी तिकडचं वाढून राहिलं ना, म्हणून तिकडं पाहून राहिलो!"

तेवढ्यात बेबी आनंदाने ओरडली, "बाबा, तुमची चप्पल पोहून राहिली!"

मी वळलो. वाळूचा पट्टा नव्हता. जिथून आम्ही चालत आलो होतो तिथे राखाडी रंगाचं, गुपचूप, गोल गोल फिरणारं पाणी होतं. लाट नाही, आवाज नाही, बाण नाही! सखल भागातून दोन्ही बाजूंनी वळसा घालून ते आमच्या पाठीमागे येऊन बसलं होतं. माझी एक चप्पल त्यावर डुलत किनाऱ्याच्या दिशेने निघाली होती. आमच्या कुटुंबात त्या वेळी अक्कल फक्त तिलाच होती.

  सुचावं ते न सुचता माझ्या तोंडातून धडाच बाहेर पडायला लागला : "चंद्राच्या आकर्षणामुळे सागरजलाची पातळी ठरावीक काळाने..."

"अहो, धडा काय म्हणून राहिले!" सुमन रडकुंडीला आली होती. "मले भेव वाटून राहिलं. काही तरी करा ना!"

बेबीने माझं बोट धरलं. तिला अजून भीती वाटत नव्हती, कारण बाबा होते. ती अगदी सहज म्हणाली, "बाबा, चंद्राले सांगा ना थांबायले."

विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या वाक्याने माझ्या काळजाचं पाणी झालं. माझ्या शहाणपणापायी ही पोर बुडणार, एवढी एकच गोष्ट मला दिसत होती. 

मामाजी उठले. उरलेलं संत्रं त्यांनी नीट खिशात ठेवलं. मग धोतर फेडलं (आत पट्ट्यापट्ट्यांची लांब चड्डी होती, घाबरू नका) आणि त्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला, मधला भाग माझ्या कमरेला आणि दुसरं टोक सुमनच्या कमरेला बांधलं.

"सुमे, मांगं राह्य. बेबी, माह्या खांद्यावर बस. जवाईबापू, तुम्ही मधात. अन् आता एक शब्द बोलू नका."

बाजारात गुरं एका दाव्याला बांधून नेतात तसे आम्ही पाण्यात उतरलो. पाणी गार होतं आणि बाजूने ओढत होतं. पायाखालची वाळू सरकत होती. घोटे गेले, गुडघे गेले, आणि पाणी कमरेला लागताच मी डोळे गच्च मिटले आणि ज्या देवांना चौदा वर्षं नमस्कार केला नव्हता त्या सगळ्यांची नावं घ्यायला लागलो. किनाऱ्यावरून शिटीवर शिटी ऐकू येत होती. पेडणेकर पाण्यात शिरून छत्रीने दिशा दाखवत होते, "डावीकडे! उजवीकडे खड्डा आहे, डावीकडे घ्या!" मामाजी वळत, धोतर ताणलं जाई आणि माझं धूड त्यामागे ओढलं जाई. एकदा सुमनचा पाय घसरला, ती माझ्यावर पडली, मी मामाजींवर पडलो. मामाजी खांबासारखे उभे राहिले. वरून बेबीचा आवाज आला, "आबाजी, बाबा काहून रडून राहिले?"

"समुद्राचं पाणी हाये ते, बेटा. खारं असते."

पाणी माझ्या छातीला लागलं, गळ्याला लागलं, हनुवटीला लागलं. संपलं सगळं, असं वाटून मी किंचाळलो, "बेबीला सांभाळा, मी चाललो!"

"अहो महाराज, उभे राहा!" पेडणेकर कानाशी ओरडले.

मी डोळे उघडले. पेडणेकर माझ्या शेजारीच होते आणि पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. शेवटची वीस पावलं मी गुडघ्यांवर रांगत आलो होतो.

किनाऱ्यावर आम्ही वाळूत बसलो तेव्हा मी बेबीला घट्ट धरलं होतं, इतकं की ती म्हणाली, "बाबा, सोडा ना, गुदमरून राहिलं." मागे पाहिलं. कातळाचा फक्त माथा उरला होता. पेडणेकर थंडपणे म्हणाले, "आणखी अर्धा तास, मग तोही नाय." 

"मी शिटी वाजवली होती," पेडणेकर म्हणाले.

"मला वाटलं, जेवणाची..."

"पाणी शिटी वाजवून येत नाय. म्हणून मी वाजवतो."

 मग त्यांनी विचारलं, "नागपूरला काय करता आपण?"

आता मात्र सुमन आपल्या पायांकडे पाहायला लागली. मामाजी त्या दिवशी दुसऱ्यांदा माझ्या मदतीला धावले. "संत्र्याचा बगीचा हाये आमचा," त्यांनी घाईने सांगून टाकलं आणि खिशातलं ओलं संत्रं पुरावा म्हणून पुढे केलं. या माणसाने आयुष्यात माझ्यासाठी बोललेलं हे पहिलं खोटं. (तसं ते अर्धं खरंच होतं.) मला गहिवरून आलं.

आणि बेबी छाती फुगवून म्हणाली, "माझे बाबा शाळेत भूगोल शिकवतात! भरती-ओहोटी!"

पेडणेकरांनी बराच वेळ शिटीतलं पाणी झटकलं.

"कितवीला?"

"सातवीला," मी पुटपुटलो.

"ती पोरं कुठे असतात?"

"नागपूरला."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "सुखरूप आहेत."

परत आल्यावर मी समुद्राचा विषय काढला नाही आणि मामाजींनीही कधी काढला नाही. फक्त त्यानंतर नरखेडला गेलो की विहिरीजवळ जाताना ते माझं मनगट धरून ठेवायचे.

पाच वर्षांनी बेबी सातवीत आली आणि माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसली. तो धडा आला. आता माझी आकृती बदलली होती. फळ्याच्या उजवीकडे समुद्र होता, डावीकडेही होता. मध्ये कातळ, त्यावर समुद्राकडे तोंड करून, हात वर करून उभा असलेला एक छोटा माणूस, आणि त्याच्या पाठीमागे मी गुपचूप येणारं पाणी काढलं होतं.

तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. चेहरा असा भोळा, जणू हिने पाण्याचा थेंबही कधी पाहिला नाही!

"सर, त्या माणसाने मागं वळून काहून नाही पाहिलं?"

सगळा वर्ग उत्तर लिहून घ्यायला वह्या उघडून बसला. मी छडी टेबलावर ठेवली.

"कारण त्याने चौदा वर्षं हा धडा शिकवला होता," मी म्हणालो. "बस खाली."