सुभेदारानं परत केलेली रजा

आमच्या गावात मिसरूड फुटायच्या आधी पोरं भरतीसाठी पळाया लागत्यात. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक फौजी. त्यामुळं आमच्यात एक रीत हाय. पोरगं ट्रेनिंगमधनं पळून घरी आलं, तर त्याला पोटभर जेवाया घालायचं, आन् दुसऱ्या दिवशी बापानंच त्याला माघारी न्हेऊन साहेबापुढं उभं करायचं. माझा चुलता कृष्णातनाना असाच एकोणिसाव्या वर्षी माघारी पोचवलेला. पुढं सुभेदार होऊन पेन्शनीत आला. "बापानं तवा लाथ घातली म्हणून मी माणसात आलो," हे त्यानं मला शंभरदा तरी ऐकवलंय.

नाना वाईट माणूस न्हाई, खोटं कशाला बोलू? कुणाची मयत असली की पहिला हजर. पण एकदा तोंडातनं शब्द गेला की ब्रह्मदेव आला तरी बदलायचा न्हाई.

त्याची एकुलती एक लेक राजनंदिनी. आमी तिला राजी म्हणायचो. डॉक्टर झाली आन् सांगलीकडं एका मोठ्या हॉस्पिटलात पुढचं शिकाया लागली. शिकणाऱ्या डॉक्टरांचे काय हाल असत्यात ते मला तिच्याकडनं कळलं. सकाळी वॉर्डात शिरली की दुसऱ्या दिवशी रात पडस्तवर बाहेर न्हाई. जेवण म्हंजे उभ्या उभ्या दोन बिस्किटं. वर मोठ्या डॉक्टरांच्या शिव्या.

गेल्या साली ऊसतोड चालू असताना ती दुपारच्या एसटीनं अचानक घरी आली. तिच्या आईनं, अंबूकाकीनं ताट वाढलं, तर पोरगी हातात घास धरून बसल्या जागी झोपली. उठल्यावर बापाला म्हणाली, "आप्पा, पेशंटच्या कागदावर मी माझंच नाव लिहिलं. दोनदा. माझ्या हातनं कुणीतरी मरंल. मला झोपू द्या."

पळून आली न्हवती ती, बरं का. रीतसर रजा घेऊन आलती. हॉस्पिटलानं अशा दमलेल्या पोरांकडं बघायला अपेक्षा मॅडम म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टर नेमल्या हुत्या. त्यांनी तीन आठवड्याची रजा लिहून दिलती आन् वरच्या साहेबांनी सही केलती.

नानानं चष्मा लावून कागद वाचला आन् 'मानसोपचार' ह्या शब्दावर बोट ठिवलं.

"येडाचा कागद? आमच्या घराण्यात?"

"वेड नाही हो आप्पा. थकलेय मी."

"थकलीस? बर्फात सा महिने काढलं मी. कुणाला म्हणालो का, थकलो म्हणून?"

काकी मधी पडली. "आवं, लेक हाय ती. आठ दिस तरी ऱ्हाऊ द्या."

"तू गप. उद्या सकाळी निघायचं. जयराज, गाडी काढ."

आन् मी काढली. एवढा मी शाणा.

कराड गेलं तरी राजी मागच्या सीटवर झोपलेलीच. हॉस्पिटलात नानानं कागद अपेक्षा मॅडमच्या टेबलावर ठिवला. "ही रजा आमाला नको. फौजीची लेक हाय, पाठ दावत न्हाई."

मॅडम राजीला म्हणाल्या, "रजा तुझी आहे. तुला काय पाहिजे ते तू सांग." नानाला त्यांनी बाहेर बसा म्हणून सांगितलं. नाना तसूभर हलला न्हाई. राजीनं एकदा बापाकडं बघितलं आन् खाली मान घालून म्हणाली, "जॉईन होते." रजा रद्द करायचा अर्ज तिनंच लिहिला. बाहेर आल्यावर नानानं तिची पाठ थोपटली, "शाब्बास माझी वाघीण!" मला पेढं आणाया पाठवलं. मी नालायक, आणलं बी.

अकराव्या दिवशी ती छत्तीस तासांची ड्युटी संपवून संध्याकाळी स्कूटीवरनं खोलीकडं चालली हुती. रस्त्याच्या कडंला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी हुती. बघणारी माणसं म्हणाली, ब्रेक न्हाई, हॉर्न न्हाई, पोरगी सरळ जाऊन धडकली. डोळं मिटलेलं हुतं म्हणं. जागच्या जागी गेली.

तेराव्याला नानानं काय काढावं? आमच्या ग्रामपंचायतीपुढं शहिदांच्या नावांचा दगड हाय. जेवायला सरपंच आल्यालं, जुनं फौजी आल्यालं. त्यांच्यापुढं नाना ताठ उभा राहिला आन् म्हणाला, "माझ्या लेकीनं ड्युटीपायी जीव दिला. तिचं नाव त्या दगडावर घाला." माणसं माना डोलवाया लागली. एकदोघांनी तर डोळं पुसलं.

तवर अंबूकाकी बाहेर आली. डोईवरला पदर पडल्याला. तीस वर्सांत ती चार माणसांत नवऱ्यापुढं कवा बोलली न्हवती.

"दगडावर लिवायचं तर समदं लिवा," ती म्हणाली. "तिला रजा मिळालती. ह्या बापानं ती परत केली. त्यो शहिदाचा बाप न्हवं, त्यानं मारली माझी पोरगी. आन् ह्यानं गाडी हाकली." तिनं माझ्याकडं बोट केलं.

नाना तसाच उभा. मला वाटलं, निदान ह्यो म्हणंल की जयराजचा काय दोष. पण त्यो तसं म्हणाला न्हाई. आन् कसा म्हणंल? गाडीची किल्ली माझ्याच हातात हुती. त्या सकाळी नुसतं 'न्हाई' म्हणायचं हुतं, आन् मला तोंड हुतं की.