लाल शाई

मंडळी, आज सकाळी घोड नदीवर आबांचा, माझ्या वडिलांचा, दहावा झाला. पाहुणे गेल्यावर भिंतीवर लावायला म्हणून आबा-आईचा जोडीचा फोटो घरच्याच प्रिंटरवर काढला. कार्ट्रिजमधली लाल शाई संपली होती, त्यामुळं आईचं कुंकू पिवळं आलं.

मी सिरिंज घेऊन शाई भरायला बसले.

“ऱ्हाऊ दे गं. आता कशाला?” आई म्हणाली.

“फोटोत तरी असू दे की!”

दुसऱ्या प्रिंटमध्ये कुंकू लालभडक आलं. आईनं फोटोतल्या त्या कुंकवावर हळूच बोट ठेवलं. शाई अजून ओली होती, बोटाला लागली. ते बोट तिनं स्वतःच्या कपाळापर्यंत नेलं, थांबली, आणि पदराला पुसून टाकलं.

घरात आम्ही दोघीच होतो. मग सांगा, तिला अडवलं कुणी?