अहो नापास, खरखर छान जमली!

किस्से जमवायला मी कधी बसलो नाही. ते कपाटावरच्या जुन्या वायरींसारखे साठत गेले. एक ओढायला जावं तर पाच गुंतून येतात, आणि कुठली कशाची ते कळत नाही. त्यातल्या बऱ्याच वायरी एकाच ग्रुपमधल्या आहेत. नेटवर तेव्हा नुकते असे ग्रुप निघाले होते. आमच्याचं नाव होतं 'जुनं ते कानात'. मराठी माणसांनी गाण्यांवर गप्पा मारायच्या, असा उद्देश. प्रत्यक्षात भांडणं!

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. कोथरूडच्या एका दुकानात कॅसेटवरची गाणी सीडीवर उतरवून द्यायचं काम करत होतो. घरी बाबा माझ्याशी एकच शब्द बोलायचे, तोही बंद दारातून. "आवाज!" मी स्पीकर कमी करायचो. संवाद संपला. त्यामुळे मला एकच हवं होतं. जगातल्या कुठल्या तरी म्हाताऱ्याने एकदा म्हणावं, 'तुझं बरोबर आहे.' घरी ती सोय नव्हती, म्हणून नेटवर शोधत होतो.

ग्रुपमध्ये नाव घेताना रागाच्या भरात मी 'नापास' असं घेतलं. वाटलं, म्हातारे हादरतील. पहिल्याच दिवशी उत्तर आलं. "नमस्कार नापास. आपण कोथरूडात नक्की कुठे राहता? आडनाव काय? शाळा कुठली?" कुठली गाणी आवडतात, हे सतराव्या प्रश्नापर्यंत कोणी विचारलं नाही. आणि माझं वय माहीत नसल्यामुळे सगळे माझ्याशी आदराने बोलायचे. "अहो नापास, आपला मुद्दा चुकीचा आहे." शिव्यासुद्धा अहोजाहो करून! बाप अरेतुरे करतो, अनोळखी माणसं अहोजाहो करतात. अपमान नक्की कुठला, ते मला आजही कळलेलं नाही.

* * *

ग्रुपमधले सर्वात कडक म्हणजे पेठे काका. बँकेतून निवृत्त. प्रत्येक पोस्टखाली 'कळावे, पेठे' अशी सही.

एकदा त्यांनी लांबलचक लिहिलं की आजच्या गाण्यांना काही अर्थच नसतो. मी त्यांच्याच आवडीच्या एका जुन्या भावगीताचं दुसरं कडवं घेतलं आणि विचारलं, "याचा अर्थ सांगा."

चार दिवस ग्रुप पेटला. एक म्हणे विरह आहे, दुसरे म्हणे अध्यात्म, तिसरे म्हणे कवीला तेव्हा ताप होता. म्हातारे आपापसातच भांडायला लागले. शेवटी पेठे काका उतरले. "अर्थ लागत नाही, हीच त्याची उंची आहे."

मी लिहिलं, "मग आमच्या गाण्याचा अर्थ लागत नाही, ती कोणाची उंची?"

"ती आपली इयत्ता. कळावे, पेठे."

* * *

आमच्या बाजूनेही एक वीर होता. नाव 'मेटलभाऊ'. यवतमाळचा, वाघोलीला कॉलेजात. म्हाताऱ्यांना असा धुवायचा की मलाही लाज वाटायची. "तुमची गाणी म्हणजे झोपेच्या गोळ्या बे!" असं मोठ्या अक्षरात. मला वाटलं, हा आपला माणूस!

एका रविवारी गाडी काढली आणि वाघोली गाठली. खोलीच्या दारावर कवटीचं पोस्टर. आत भाऊ मांडी घालून, डोळे मिटून, भावगीत ऐकतोय. बारीक आवाजात.

मला बघून ताडकन उठला. म्हणाला, "ग्रुपवर सांगशील तर पाह्य!"

"अरे पण हे काय?"

"बाप रोज सकाळी लावे ना. तिकडे होतो तवा कान किटत. इकडे आलो तर ह्याच्याबिगर चहा गोडच नाही लागत."

संध्याकाळी त्याच भावाने ग्रुपवर लिहिलं, "भावगीतं जाळून टाका बे!" मी त्याला पाठिंबा दिला. का दिला, विचारू नका.

* * *

मग कोणीतरी काढलं की प्रत्यक्ष भेटू. खडकवासल्याला, धरणाच्या भिंतीजवळ, कणसं खात. प्रत्येकाने एक गाणं आणायचं.

मी आठवडाभर तयारी केली. त्या वर्षीचं एक नवं गाणं घेतलं, म्हाताऱ्यांना ज्याच्या नावाने ओकारी यायची तसलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याचा वेग कमी केला, शब्दांचा भाग कापला, सुरावट तेवढी ठेवली. वर जुन्या तबकडीची खरखर चढवली. तिथे जाहीर केलं, "दुर्मीळ ध्वनिमुद्रण. कलाकार अज्ञात."

एका काकूंनी पदर डोळ्याला लावला. एकजण म्हणाले, "हा काळ पुन्हा येणे नाही!" तीनदा ऐकलं. मग मी मूळ गाणं लावलं, फुल आवाजात.

कणसं हातातच राहिली. मला वाटलं, आता! आता कोणीतरी म्हणेल!

पेठे काका पहिल्यांदाच दिसत होते. बारीक चणीचे, पांढरा बुशशर्ट, कानाला यंत्र. शांतपणे कणसाचा दाणा काढत म्हणाले, "गाणं टाकाऊच होतं. मला आधीच शंका आली होती. पण अहो नापास, खरखर छान जमली!"

निघताना त्यांनी खिशातून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "रेडिओवरून उतरवलेली गाणी आहेत. तुम्हाला खरखर घालता येते, तर काढताही येत असेल. बघा."

* * *

ती कॅसेट मी दुकानात लावली. पूर्वी लोक रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे, बटण दाबायचे आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. पेठ्यांच्या घरी एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची असावी. तिला श्वास रोखता येत नव्हता.

गाणं रंगात आलं की ती यायची. "बाबा..."

"श्श!"

पुढच्या गाण्यात, "बाबा, मला आज बाईंनी..."

"श्श! गाणं चालू आहे ना!"

मोजून अकरा वेळा. शेवटच्या वेळी ती नुसतं "बरं" म्हणते आणि दार लागतं.

मी सगळं कापलं. जिथे तिचा आवाज गाण्यावर आला होता, तिथे दुसऱ्या कडव्यातलं संगीत चिकटवलं. गाणी आरशासारखी झाली. मग माझ्यातला नापास जागा झाला. कापलेले सगळे तुकडे एकापुढे एक जोडले, दीड मिनिटाची फाईल केली आणि ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "तुमच्या सुवर्णकाळात घरच्या माणसाला एवढंच ऐकू यायचं."

मी भांडणाची वाट बघत बसलो. एकही उत्तर आलं नाही. मेटलभाऊसुद्धा गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर पेठे काका पायरीवर उभे. मी आधीच चिडून घेतलं. "काका, गाणी तयार आहेत. एक डाग नाही. ऐकून तरी घ्या."

"ग्रुपवरची ती फाईल ऐकली," ते म्हणाले. "खाली तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे."

तीन वर्षं हाच शब्द शोधत होतो. मिळाला, तर कुठे ठेवायचा तेच कळेना. मी सीडी पुढे केली. त्यांनी ती परत सरकवली.

"गाणी राहू द्या तुमच्याकडे. ती फाईल द्या. दोन प्रती. आणि तिचा आवाज जरा मोठा करता येईल का?"

"येईल की." मग मला काय वाटलं कोणास ठाऊक. म्हणालो, "काका, तुमचा श्श काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"नको. तो राहू द्या. पुरावा आहे."