चाकं आहेत हे आधी सांगायचं

आखातात बॅचलर म्हणजे लग्न न झालेला माणूस नव्हे. ज्याची बायको सोबत नाही, तो बॅचलर. मी अबुधाबीकडच्या रुवैसला पोचलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मुलगी पाळण्यात होती, आणि तरी ज्या कॅम्पात मला खाट मिळाली त्याच्या दारावर बॅचलर कॅम्प असं लिहिलेलं होतं. मी सातवीनंतर शाळा सोडलेला. इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवायचो. तो शब्द जुळवून झाल्यावर शेजारच्या खाटेवरच्याला विचारलं, बॅचलर म्हणजे कोण रे? तो म्हणाला, "तू."

दुसरा शब्द फॅमिली. तिथे फॅमिली म्हणजे बायको. "फॅमिली आली का?" "फॅमिलीला कधी बोलावणार?" असं विचारायचे. हा शब्द मी वाचायला शिकलो तो अल ऐनच्या पार्कच्या गेटावर.

रिफायनरीच्या कामावर मी वेल्डर होतो. पहिल्या ईदच्या सुट्टीत कंपनीने आम्हाला बसने अल ऐनला नेलं. बस चालवणारे चाचा आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, दाभोळकडचे. त्यांचंही घरदार गावीच. झाडं, पाळणे, बर्फावर घसरायची जागा, असं बरंच काही त्या पार्कात आहे म्हणून ऐकलेलं. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. गेटावर वॉचमनने हात आडवा केला.

"फॅमिली किधर है?"

"गाव में है," मी म्हणालो.

"गाववाला नहीं चलेगा. इधर लेके आओ."

बाकीचे हसले आणि चहा प्यायला गेले. त्यात वॉचमनची चूक नव्हती. बायकामुलांच्या जागेत पुरुषांचे घोळके नकोत, हे मलाही पटत होतं. तरी माझे पाय निघेनात. कुंपणाशी उभा राहिलो. आत रुळांवरून लहान मुलांची गाडी फिरत होती. एका डब्यात एक बाप मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याचे गुडघे त्याच्याच कानांना लागत होते.

चाचा मागून आले. "काय बघतोस, मिस्त्री?"

"काही नाही."

"मी दर ईदला बस घेऊन येतो. मला या पार्कातलं त्या बर्फाच्या जागेचं नुसतं छप्पर माहीत आहे, बाहेरून दिसतं तेवढं."

"चाचा, मी या गेटातून आत जाणार. दोघींना घेऊन."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले. इन्शाल्ला दोन प्रकारचं असतं. एक, होईल असं. दुसरं, बघू असं. हे दुसरं होतं.

पुढची काही वर्षं मी ते बोललेलं विसरलो नाही, एवढंच केलं. मुलगी गावी मोठी होत होती. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, आणि प्रत्येक सुट्टीत ती माझ्याकडे नव्याने बघायची. ओळख होईपर्यंत परतीचं तिकीट. बायकोला व्हिजिट व्हिसावर आणायचं तर ठेवायचं कुठे? कॅम्पात बाईमाणसाला येता येत नाही. अबुधाबीत लोक एका फ्लॅटचे पडदे लावून चार फ्लॅट करतात, तिथे माझी ओळख नव्हती. अल ऐनच्या एका हॉटेलात फोन करून खोलीचं विचारलं. त्याने आकडा सांगितला, मी तो मोठ्याने रुपयांत केला, आणि पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत असताना फोन ठेवून दिला.

मार्ग काढला तो आमच्या साहेबाने. हा इंग्रज इंजिनिअर, आमच्या युनिटचा. त्याच्याकडे सुट्टीत फिरायची एक गाडी होती. गाडी म्हणजे खोलीच, पण चाकांवर. पुढे दांडा, तो मोटारीला अडकवायचा आणि ओढत न्यायची. आत बिछाना, शेगडी, नळ, खिडक्यांना फुलांचे पडदे. साहेब आणि मॅडम शुक्रवारी ती समुद्राकाठी नेऊन लावत. एकदा तिचा दांडा चिरला, तो मी जोडून दिला. मॅडमनी आत बसवून चहा दिला. मी घाबरून अर्धाच टेकलो होतो. साहेबाने विचारलं, फॅमिली कुठे? मी सांगितलं. पार्कचंही सांगितलं, माझ्या इंग्रजीत जेवढं मावलं तेवढं.

"युवर फॅमिली कम, यू टेक धिस," साहेब म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, "सर, येस्टरडे यू टॉक..." तो म्हणाला, येस. आठवड्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तेव्हा त्याने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "नाऊ स्टॉप आस्किंग." व्हिसाच्या कागदावर सहीही त्यानेच केली. आजही देवापुढे हात जोडताना त्या माणसाची आठवण येते. मात्र एक अट होती. उन्हाळ्याआधी जायचं. एक तर त्या खोलीत एसी नव्हता, आणि उन्हाळ्यात साहेबाची बदली होती. गाडी त्याच्याबरोबर जाणार होती.

आता त्या गाडीला इंग्रजीत कॅराव्हॅन म्हणतात. गोंधळ इथेच झाला.

तेव्हा आम्ही घरी कॅसेट पाठवायचो. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि सुट्टीवर निघालेल्याच्या हाती कॅसेट द्यायची. मी खुशीत बोललो, "तुम्ही दोघी या. राहायची सोय झाली. साहेबांनी कॅराव्हॅन दिली आहे. आपण त्यातच राहू आणि पार्क बघू." आणखीही बरंच बोललो, अगदी पडद्यांच्या फुलांपर्यंत.

कॅसेट घरी वाजली तेव्हा आमच्या वाडीतला एक जण ऐकायला बसला होता. सौदीला काम करून आलेला. त्याने कपाळाला हात लावला. कारण तिकडे साइटवर कॅराव्हॅन म्हणजे दुसरंच. आणून ठेवलेली पत्र्याची केबिन. तिच्यात ऑफिस असतं, हत्यारं असतात, दुपारी माणसं डबा खाऊन जमिनीवर आडवी होतात. त्याने ते सगळं माझ्या बायकोला रंगवून सांगितलं. महिन्याने उलट कॅसेट आली. बायकोचा आवाज एकदम सरळ.

"अहो, कॅराव्हॅन म्हणजे काय ते आम्हाला कळलं. पत्र्याचा डबा. तुम्ही तिकडे कसे राहता ते मी कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. पण पोरीला घेऊन मी माणसांच्या कामाच्या जागी डब्यात राहणार नाही. पार्क नको आणि काही नको. तुम्हीच सुट्टीत या."

तिच्या आवाजामागे कोंबडा ओरडत होता. मी ती कॅसेट पुन्हा लावली नाही.

कॅम्पातले म्हणाले, खल्लास, सोडून दे. मला रात्रीची झोप लागेना, पण सोडायचं मात्र मनात आलं नाही. साहेबाची सही झालेली, किल्ली खिशात. पुढची कॅसेट शुक्रवारीच गावी निघणाऱ्या माणसाबरोबर जाणार होती. मी चाचांना धरलं, टेपरेकॉर्डर घेतला, आणि साहेबाची परवानगी काढून त्या गाडीत जाऊन बसलो.

"अगं, आता ऐक," मी टेपमध्ये म्हणालो. "मी आत आहे. हा नळ." नळ सोडला. तो पायाने दाबायचा होता, चूं चूं करत पाणी आलं. "ही शेगडी." काडी ओढली. "हा बिछाना." त्यावर बसलो, स्प्रिंग वाजली. "हे कपाट. हे दुसरं कपाट. ही खिडकी, आतून कडी लागते, ऐक." कडी चार वेळा लावली आणि काढली.

चाचा दारात उभे होते. "अरे मिस्त्री, तू कपाटं कसली वाजवतोस? मुद्द्याचं सांग की."

"काय राहिलं?"

चाचांनी टेपरेकॉर्डर माझ्या हातातून घेतला, खाली उतरले, आणि चाकावर सणसणीत लाथ मारली. "बाई, सलाम. मी दाभोळचा, यांच्या कंपनीचा ड्रायव्हर. हा आवाज टायरचा. साइटवरच्या डब्याला चाकं नसतात. याला आहेत. तुमचा नवरा वेल्डर चांगला आहे, पण त्याला बोलायला जमत नाही. यल्ला, या तुम्ही."

उत्तराला कॅसेट आली नाही. शेजारच्यांच्या घरून फोन आला. बायको म्हणाली, "चाकं आहेत हे आधी सांगायचं ना."

"मग येतेस?"

"आपली बाय विचारतेय, घर चालत असताना आतली भांडी पडत नाहीत का."

"तिला सांग, भांडी मी बांधून ठेवीन."

"बांधा," ती म्हणाली. मला तेवढं पुरलं.

मग मी तयारीला लागलो. चाचांनी त्यांच्या भाच्याचा पिकअप ठरवला, पुढे-मागे सीटं असलेला. अल ऐनला बस घेऊन गेले की ते माझ्यासाठी चौकशी करून यायचे. पार्कच्या अलीकडे झाडांचं मोकळं मैदान आहे, तिथे फॅमिली उतरतात, कोणी उठवत नाही, फक्त कचरा टाकायचा नाही. गॅसच्या नळीला मी दर शुक्रवारी साबणाचा फेस लावून बघायचो, बुडबुडा येतो का म्हणून. दांडा मीच जोडलेला, आणि त्यावर माझाच विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या पाइपाचा जोड एकदा तपासला की पुरतो. इथे मागे बायकामुलीचं घर लागणार होतं. शेवटी गाडीत वाळूच्या गोण्या भरल्या आणि चाचांना यार्डात फेऱ्या मारायला लावल्या, ब्रेक दाबत, खड्ड्यातून.

"तुझी बायको एवढ्या गोण्यांची आहे काय रे?" चाचा खिडकीतून ओरडले.

"अजून एक फेरी, चाचा."

"हबीबी, एवढ्या फेऱ्यांत मी दाभोळला पोचलो असतो."

पण मारली त्यांनी फेरी. दांडा टिकला.

त्या दोघी आल्या तेव्हा हवा थंड होती. विमानतळावर मुलगी आईच्या पदरामागे. मी हात पुढे केला तर तिने नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. बाहेर आल्यावर मात्र ती थेट गाडीकडे गेली, खाली वाकून दोन्ही बाजूंची चाकं बघून आली, आणि आईला म्हणाली, "खरंच आहेत." त्यानंतर चढून आत गेली आणि भांड्यांची दोरी ओढून बघितली. "कोणी बांधली?" तिने आईला विचारलं.

"मी."

"घट्ट आहे," ती म्हणाली. त्या खेपेला माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

गाडी चालू असताना मागे बसता येत नाही, म्हणून सगळे पिकअपमध्ये, स्टिअरिंगवर चाचा. अल ऐनपर्यंत बायको मान वळवून मागे बघत होती. "येतंय ना मागून?"

"अगं, येणार नाही तर जाईल कुठे."

"तुम्ही काहीही म्हणा. घर सुटून राहिलेलं कळायचं नाही."

मैदानात गाडी लावली. बायकोने पडदे बघितले, कपाटं उघडली, नळ पायाने दाबला आणि हसली. "हाच ना चूं चूं करणारा?" शेगडीवर तिने तांदळाची भाकरी थापली, गावाहून आणलेल्या पिठाची. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. तिने पहिली त्यांना दिली. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दुपारी गेट. तीच पाटी. मी अक्षरं जुळवली नाहीत, नुसती बघितली. खिशात पासपोर्ट होते, लग्नाचा फोटो होता, वॉचमनने विचारलंच तर दाखवायला. वॉचमन दुसरा होता, केरळचा. त्याने आमच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाला. इतकं सोपं. आम्ही तिघं आत होतो.

मागे वळलो तर त्याचा हात चाचांपुढे आडवा होता. "चाचा, फॅमिली ओन्ली."

"ठीक आहे रे, मिस्त्री. तुम्ही जा. मी गाडीपाशी बसतो," चाचा म्हणाले. ते वळलेसुद्धा होते. त्यांना ते सवयीचं होतं.

माझी बायको, जी गावच्या तलाठ्याशीही मान खाली घालून बोलायची, ती उलट गेटाकडे गेली.

"ये हमारा फॅमिली है," ती म्हणाली. "मेरा जेठ है."

वॉचमनने चाचांची दाढी बघितली, डोक्यावरची जाळीची टोपी बघितली. मग तिचं कुंकू बघितलं, मंगळसूत्र बघितलं. "ये? तुम्हारा जेठ? सगा?"

"एकदम सगा," ती म्हणाली. "हमारा घर इन्होंने लाया है. वो उधर खडा है, देखो. चाक भी है."

वॉचमन पोट धरून हसला. "यल्ला, यल्ला. जाव जेठजी."

आत गेल्यावर चाचा बर्फाच्या जागेच्या छपराखाली मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "खालून वेगळंच दिसतं."

छोट्या गाडीत मुलीने स्वतःच जागा ठरवल्या. आई पुढे, चाचा मागे, आणि मी तिच्या डब्यात. जागा पुरेना तेव्हा ती उठली आणि माझ्या मांडीवर बसली. माझे गुडघे कानांना लागले. गाडी कुंपणाच्या कडेने वळली. पलीकडे इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं उभी होती, कुठल्यातरी कंपनीच्या बसमधून आलेली. एकाने मुलीला हात केला. मुलीने केला, मीही केला.

"काय बघतोस?" मागून चाचा.

"तेही येतील आत, चाचा."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले. हे पहिल्या प्रकारचं होतं. मग कुंपणाकडे तोंड करून ओरडले, "फक्त बायकोला चाकांचं आधी सांगा रे!"