मास्तरांचं निर्णायक मत

टेलरमास्तर गेली अकरा वर्षं गुरुवारी पाचनंतर दुकानात सापडत नसत. त्या वेळी ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर देशाचं परराष्ट्र धोरण ठरवत.

मंडळात तेरा माणसं. निवृत्त पोस्टमन, औषधाच्या दुकानातल्या बाई आणि घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही असे इतर. मास्तर अध्यक्ष. चर्चा होई, हात वर होत, ठराव परराष्ट्र मंत्रालयात जाई आणि तीन आठवड्यांनी छापील पोच येई : ‘आपले पत्र मिळाले.’ मास्तर ठरावाची प्रत घराला लागूनच्या दुकानात शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवत, आणि पोच आली की तीही तिथेच.

पहिल्याच वर्षी बायकोनं विचारलं होतं, "तुमच्या ठरावानं काय होतंय हो?"

"होतं. वरती वाचतात."

एकदा म्हटलं की म्हणत राहावं लागतं. मध्ये कुठलासा करार झाला तेव्हा मास्तर दोन दिवस गप्प आणि समाधानी होते. बायकोनं काय समजायचं ते समजून घेतलं.

यंदा विषय निघाला, शेजारच्या देशाची सीमा बंद करावी का. मास्तरांची लेक त्याच देशात दिलेली. पहिलं बाळंतपण दीड महिन्यावर आलेलं. तिकडे जायला बायकोची बॅग भरून तयार होती, आणि उरल्यासुरल्या कापडातून मास्तरांनी शिवलेली सहा झबली तिच्यात सगळ्यांत वर.

मतं पडली सहा विरुद्ध सहा. अध्यक्षानं फक्त समसमान झाल्यावर मत द्यायचं, असा मंडळाचा नियम. अकरा वर्षांत ती वेळ आली नव्हती.

"आता मास्तरांना काय विचारायचं," पोस्टमन छताकडे बघत म्हणाले. "जावई तिकडचा."

"तसं नाही हं," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "मास्तर घरचं इथे आणत नाहीत."

टोमणा मास्तरांनी पचवला असता. बाईंचा विश्वास पचेना. त्यांनी गळ्यातली टेप काढली, सावकाश गुंडाळली आणि सीमा बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला. शेवटी कागदच तर होता. घरी जाताना ते जरा ताठ चालत होते. घरी मात्र बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी सीमा खरंच बंद झाली. तिकडे दोन चौक्यांवर गोळीबार झाला होता. मास्तरांच्या हातावाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण आठवड्याभरात पत्र आलं. या वेळी मजकूर निराळा होता : ‘सीमेबाबतचा निर्णय आपल्यासारख्या जागरूक नागरिकांच्या मतांची दखल घेऊनच घेण्यात आला आहे.’ उलटा ठराव पाठवणाऱ्यांनाही बहुधा हेच गेलं असावं.

पाकीट बायकोनं फोडलं. पत्र वाचलं, मग खिळ्यावरची प्रत काढून तीही वाचली : ‘अध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर.’

"निर्णायक मत म्हणजे तुमचंच ना?"

"अगं, आमच्या कागदानं काही होत नसतं."

"अकरा वर्षं तर होत होतं."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. खिळा वजनानं खाली वाकला होता.

बायकोनं प्रत पुन्हा जागच्या जागी अडकवली. "मग या गुरुवारी उघडायचा ठराव करा," ती म्हणाली. "तिला अजून तीन आठवडे आहेत."

तिच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मास्तरांनी खूप कान दिला. नव्हता.