शपथेच्या फोटोतलं काळं बोट

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी मुरुडजवळच्या एका गावात तिसरीला शिकवते. आज सकाळी परिपाठात तंबाखूमुक्तीची शपथ होती. ती सांगायला मी स्वराला उभं केलं, कारण वर्गात तिच्याइतकं चांगलं कुणी वाचत नाही. कुठेही न अडखळता तिने सगळ्यांकडून शपथ म्हणून घेतली. मी फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला.

मधल्या सुट्टीत तीच पोरगी गाल धरून बसलेली.

"दाढ दुखते बाई. आयेनं सकाळी मशेरी दिली लावाय. थांबंल आता."

"अगं, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच."

ती मलाच समजावायला लागली, "न्हाय ओ बाई. तंबाखू बाबा खातात. मशेरी दातांची हाय."

वाचन चाचणीत हिला मीच पैकीच्या पैकी दिलेत.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. शपथेसाठी पुढे केलेल्या तिच्या हाताचं बोट मशेरीनं काळं झालंय. खाली अभिनंदनाचे अंगठे अजून येतायत.

उद्या तिच्या आईला भेटणार आहे. पण काय बोलू?

खरं सांगा, तुमच्या घरात मशेरी लावणाऱ्या बाईला तुम्ही कधी व्यसनी म्हटलंय?