न धुतलेला पेला

तेरेझियोचं घर आमच्या वाडीत सगळ्यात वर, द्राक्षांचे मांडव संपतात तिथं. वरच्या आळीत आता दोनच धुराड्यांतनं धूर निघतो. एक त्याचं, दुसरं कोस्तान्झोचं. बाकीचे सगळे खाली सपाटीला गेले, तुरीन शहरात गेले, त्याचा लेकसुद्धा गेला. तेरेझियो मुळात बोलका नव्हताच. घरातलं बोलायचं काम त्याच्या बायकोकडं, एर्नेस्ताकडं होतं. ती वारली नि घर असं मुकं झालं, की त्यानं घड्याळाला चावी द्यायचंसुद्धा सोडलं. खालच्या आळीतल्या बाईनं अंडी आणून दिली तर म्हणायचा, "ठेव तिथं." झालं, दिवसभराचं बोलणं संपलं.

वाइन करायची ती एर्नेस्ताच बरं का. तेरेझियो दगडी खांबांवर चढायचा, वेली बांधायचा, पाठीवरनं करंडे वाहायचा. पण पिंपाशी उभी राहायची ती. गंधक म्हणून घालायची नाही, विकतचं खमीर नाही, काही नाही. द्राक्षं आणि वाट बघणं, बस्स. म्हणायची, "माझ्या वाइनला बोलायला वेळ लागतो. तुम्हा पुरुषांसारखं नाही, बूच काढलं की बडबड सुरू."

आमच्याकडं नोव्हेंबरात, मार्तिन संताच्या दिवशी मळ्याचं वर्ष संपतं. त्या दिवशी प्रत्येक घरानं आपली एक जुनी बाटली आणायची, चेस्टनट भाजायचे, आणि सगळ्यांनी मिळून चव घ्यायची. जुनी बाटली एकट्यानं उघडायची नसते. आणि पहिला बोलायचा मान कोस्तान्झोचा, कारण त्याचं नाक म्हणजे कोर्टाचा निकाल.

एका वर्षी एर्नेस्तानं लेक जन्मला त्या सालची बाटली आणली. लेक तेव्हा मिसरूड फुटून लष्करात गेलेला. बूच निघालं, कोस्तान्झोनं पेल्यात नाक घातलं नि तोंड वाकडं केलं.

"मेली ही. गोठ्याचा वास मारतोय. एर्नेस्ता, वाइन आणलीस का गाय धुतलेलं पाणी?"

सगळे खो खो हसले. एर्नेस्ता म्हणाली, "थांबा जरा. जेवणं होऊ देत." आणि तिनं नवऱ्याकडं बघितलं.

तेरेझियोनं काय करावं? म्हणाला, "कोस्तान्झो म्हणतोय म्हणजे मेलीच असणार." आणि स्वतःच्या हातानं बाटली व्हिनेगरच्या मडक्यात ओतली. तेही तिच्यादेखत!

एक पेला तेवढा तिनं घरी आणून खिडकीत ठेवला होता, तळाला घोटभर असेल. सकाळी भांडी घासायला घेतली नि तिथनंच हाक मारली, "तेरेझियो, ये. वास घे." त्यानं घेतला. गुलाब! वाळलेला, पेटीतल्या कपड्यांत ठेवतात तसा. ती त्याच्या तोंडाकडं बघत थांबली. तो म्हणाला, "हं." मग तिनं पेला धुतला. त्यानंतर मार्तिनच्या दिवशी तिनं बाटली कधी नेली नाही, नि ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

त्या सालची एकच बाटली उरलेली. यंदा तेरेझियो तळघरात गेला तर मानेवरनं लाल थेंब ओघळलेला. बूच सुटत चाललं होतं. आणखी वर्षभर ठेवली तर आतलं सगळं जाणार, हे त्याला कळलं. मग त्यानं बाटली उभी करून ठेवली, साका खाली बसू दिला, आणि मार्तिनच्या दिवशी सकाळीच उघडली. बूच अर्धं चुरा होऊन आलं. वास घेतला, तर गोठा! पण ह्या वेळी तो थांबला. दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. एक आपल्यापुढं, एक खिडकीत. चुलीत लाकूड घातलं, खुर्चीत बसून राहिला.

दुपारी चव घेतली. चांगली वाटली. पण चांगली वाइन आहे, का आपल्यालाच तशी हवी आहे? एकट्या जिभेचा काय भरवसा? विचारायचं कुणाला? शेवटी बाटली फडक्यात धरून, न हलवता, पायऱ्या उतरत कोस्तान्झोकडं गेला. एर्नेस्ताला पोचवून आल्यापासून दोघं एका टेबलाशी बसले नव्हते.

"कोण आहे?"

"मी. दुसरा कोण उरलाय इथं?"

"मला वाटलं, मरण आलं."

"ते माझ्याहून हळू चालतं. हे बघ, एर्नेस्ताची आहे. त्याच सालची."

कोस्तान्झोनं बाटलीकडं बघितलं नि म्हणाला, "भांडायला आलायस?"

"नाही. जिवंत आहे का मेली, तेवढं सांग."

कोस्तान्झोनं पेला घेऊन थोडी ओतली, नाक घातलं, डोळे मिटले. मग पेला खाली ठेवला.

"तेरेझियो, लेका, मला कसलाच वास येत नाही. गेल्या थंडीत ताप आला ना, तेव्हापासनं नाक गेलं. दूध जळून कोळसा झालं तरी पत्ता नाही. कुणाला बोललो नाही. लोक काय म्हणतील, कोस्तान्झोचं नाक गेलं?" पेला त्यानं पुढं सरकवला. "तूच सांग."

"मला नाही सांगता येत."

"जन्मभर हं हं करत आलास. आज बोल की."

तेरेझियोनं वास घेतला. बोलायला लागला, तो अडखळतच.

"गुलाब आहे. वाळका. नि संत्र्याची साल, ती चुलीच्या कडेला वाळवायची ना, तसली. मागनं थोडं डांबर. गोठा नाही. गोठा गेला. जिवंत आहे, कोस्तान्झो. तिचंच बरोबर होतं."

"मग तिला सांगायचंस."

"हं," तेरेझियो म्हणाला.

दोघांनी उरलेली संपवली. कोस्तान्झो नुसता ओलावा पीत होता, तरी घोट घोट घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरेझियो उठला, भांडी घ्यायला खिडकीशी गेला. पेला तिथंच होता. उचलून नाकाशी नेला. कालच्याहून जास्त! सगळं स्वयंपाकघर भरेल इतका गुलाब. आणि तोंडातनं निघून गेलं, "एर्नेस्ता, ये. वास घे."

आतल्या खोलीच्या दाराकडं बघत तो थांबला. ती थांबली होती तसाच.

मग पेला न धुता परत खिडकीत ठेवला, नि लाकडं आणायला बाहेर गेला.